‘संत’, ‘सेंट’ आणि लॅटिनमधील ‘सोन्स’

मराठी-हिंदीतील ‘संत’ आणि इंग्रजीतील ‘सेंट’ हे एकाच मुळाचे शब्द होत, असे विधान भक्तिसाहित्यविषयक लेखनात अधूनमधून आढळते. ध्वनी जुळतो, अर्थही जुळतो. व्युत्पत्ती मात्र जुळत नाही. ‘सेंट’ हा फ्रेंचमार्गे आलेला लॅटिन ‘सांक्तुस’ होय. ‘विधिपूर्वक पवित्र ठरविणे’ या अर्थाच्या ‘सांकीरे’ या क्रियापदाचे ते कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित. त्याचा प्रत्यय संस्कृतातील ‘क्त’शी सजातीय आहे. ‘संत’च्या मुळाशी ‘अस्’ धातूचे शतृप्रत्ययान्त रूप आहे: सन्, सन्तौ, सन्तः. एक ‘पवित्र केला गेलेला’, दुसरा केवळ ‘असणारा’. ‘संतकवी’चे ‘सेंट-पोएट’ असे भाषांतर रूढ झाले असले, तरी त्यावरून शब्दांचे नाते सिद्ध होत नाही.

‘संत’चा खरा लॅटिन आप्त अनपेक्षित जागी सापडतो. ‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदाला अभिजात लॅटिनमध्ये वर्तमानकालवाचक धातुसाधित प्रचारात नाही. ‘प्राएसेन्स’ (उपस्थित), ‘अब्सेन्स’ (अनुपस्थित) अशा उपसर्गयुक्त रूपांतच ते आढळते. ‘एन्स’ हे रूप पुढे मुद्दाम घडवावे लागले. प्रिस्किआनुस हा वैयाकरण त्याचे श्रेय सीझरला देतो. जुने स्वतंत्र रूप मात्र ‘सोन्स’, षष्ठी ‘सोन्तिस’, असे विशेषण होऊन उरले आणि त्याचा अर्थ झाला ‘अपराधी’! त्यातील ‘ओ’ स्वरही प्राचीन आहे. अन्यत्र ‘एन्त्’ पसरला, तरी ‘वोलेन्स’ (इच्छिणारा) याच्याशेजारच्या ‘वोलुन्तास’ (इच्छा) या नामात ‘ओन्त्’ची खूण राहिली.

‘असणारा’ अपराधी कसा झाला? कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी १९६७ मध्ये या संदर्भात हित्ती पुरावा पुढे आणला. दुसरा मुर्शिली या राजाच्या महामारीविषयक प्रार्थनांत देवांपुढे दोषाची कबुली देताना याच धातूचे धातुसाधित येते. ‘आहे’ म्हणणे म्हणजेच कबूल करणे. हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे, कारण संस्कृत ‘सत्य’ही ‘सत्’वरूनच साधलेले आहे. अस्तित्वापासून सत्यापर्यंतची वाट दोन्हीकडे एकच; पुढे संस्कृत साधुत्वाकडे वळली आणि लॅटिन न्यायासनाकडे. नकारार्थी रूपांत तर अर्थांची पुरती उलटापालट दिसते: ‘इन्सोन्स’ म्हणजे निर्दोष, आणि ‘असत्’ म्हणजे खोटे, वाईट.