जुनी रेकॉर्ड लावताय? आधी सुईचा भार मोजा!

जानेफळ : लग्नाच्या मांडवात भोंग्यावर रेकॉर्ड वाजायच्या, तो काळ पाहिलेली पिढी आपल्या गावांत अजून आहे. आता टर्नटेबल ऑनलाइन मिळतं, म्हणून माळ्यावरच्या रेकॉर्डही खाली उतरताहेत. माझं म्हणणं एवढंच, की खोकं उघडल्या उघडल्या आजोबांची रेकॉर्ड लावू नका.

नेमका धोका काय?
सुईचा भार जास्त झाला तर रेकॉर्डची खाच झिजते. पण 'हलकी सुई सुरक्षित' हाही गैरसमजच. हलकी सुई उसळते, खाचेच्या भिंतींवर आपटते आणि आवाज फाटतो. सुई घसरते म्हणून वर रुपयाचं नाणं ठेवणारेही आहेत. त्या नाण्याचं वजन तीन ग्रॅमहून जास्त, तर बऱ्याच कार्ट्रिजना एकूण भारच दोन ग्रॅमच्या आसपास लागतो!

भार कसा लावायचा?
टर्नटेबल सपाट ठेवा. मोबाइलमधलं लेव्हल अॅप चालेल. सुईचं टोपण काढा, अँटी-स्केटिंग शून्यावर आणा. मागचं वजन फिरवून आर्म आडवा तरंगू द्या. मग फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणा आणि वजन व चकती एकत्र फिरवून कंपनीने दिलेला भार लावा. ऑर्टोफोन टूएम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई ला २ ग्रॅम. अँटी-स्केटिंगही त्याच आकड्यावर ठेवा. खात्रीसाठी काहीशे रुपयांचा छोटा डिजिटल काटा पुरे.

कार्ट्रिज सरळ आहे का?
त्यासाठी प्रोट्रॅक्टरचा कागद मिळतो. त्यावरच्या दोन्ही खुणांवर सुई टेकवली, की कार्ट्रिज रेघांना समांतर दिसायला हवं. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट '१०० टक्के साइज'मध्येच मागा. 'फिट टू पेज' केलं, की माप चुकलं.

७८ च्या तबकड्यांचं काय?
बालगंधर्वांची नाट्यपदं ज्यांवर निघाली, त्या लाखेच्या तबकड्यांची खाच १९४८ मध्ये आलेल्या एलपीपेक्षा बरीच रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी घासत जाते. ७८ साठी वेगळी, जाड टोकाची सुई लागते.

म्हणूनच, ज्या स्वस्त सुटकेस-टर्नटेबलमध्ये भार बदलायची सोयच नाही, त्यावर घरातली जुनी रेकॉर्ड लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जुनं सगळंच यूट्यूबवर आलेलं नाही. तुमच्या ट्रंकेतली एखादी तबकडी दुसरीकडे कुठे मिळणारही नाही. सुई दोन क्लिकमध्ये नवी येते. झिजलेली खाच भरून येत नाही.