जखमी कामगाराने परतायचे कुठे?

गोंदिया : यंत्राच्या पट्ट्यात हात सापडला की कामगाराला रुग्णालयात पोहोचविण्याची घाई सारेच करतात. जखम भरून आल्यानंतर त्याने कोणत्या कामावर जायचे, हा प्रश्न मात्र कोणाच्याच टेबलावर नसतो. भातगिरण्या, वीटभट्ट्या, बांधकामे आणि कंत्राटी मजुरी यांवर उभ्या असलेल्या गोंदियासारख्या जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर भरपाईच्या रकमेत शोधले जाते, आणि ते तेथे सापडत नाही.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सव्वातेरा लाख. धान हाच येथील अर्थव्यवहाराचा कणा. तिरोड्याचा ३३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प सोडला तर मोठा उद्योग जवळपास नाहीच. म्हणजे रोजगाराचे पर्याय मोजके, आणि त्यातील बहुतेक अंगमेहनतीचे.

भरपाईचा हिशेब आधी पाहू. १९२३ च्या कामगार नुकसान भरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी हिशेबाची पद्धत तीच आहे. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. अंशतः अपंगत्व असल्यास परिशिष्टातील टक्केवारी लावायची. कर्मचारी भरपाईच्या हिशेबासाठी २०२० मध्ये वेतनाची मर्यादा १५ हजार रुपये करण्यात आली. ती धरली आणि कामगाराचे वय ३५ वर्षे मानले, तर गुणक १९७.०६ येतो. संपूर्ण अपंगत्वाची रक्कम होते १७ लाख ७३ हजार ५४० रुपये. अंगठा गमावला तर परिशिष्टानुसार ३० टक्के, म्हणजे ५ लाख ३२ हजार ६२ रुपये.

कागदावर हे ठीक दिसते. पण हा अंगठा हमालाचा असेल तर? पोत्यात हुक रुतवून ते पाठीवर घेण्यासाठी पकड लागते, आणि अंगठ्यावाचून पकड नाही. कायदा म्हणतो, कमावण्याची क्षमता ३० टक्क्यांनी घटली. गिरणीच्या फाटकावर ती जवळपास शून्यावर आलेली असते. गिरणीत कारकुनी करणाऱ्याची तीच जखम त्याच्या पगाराला कदाचित धक्काही लावणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हा फरक फार पूर्वी ओळखला. प्रताप नारायण सिंह देव प्रकरणात १९७५ मध्ये, डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या सुताराचे नुकसान शंभर टक्के धरले गेले. कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. मोटार अपघाताच्या राजकुमार प्रकरणात २०१० मध्ये न्यायालयाने शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे विस्ताराने सांगितले. मात्र एवढे सिद्ध करण्यासाठी वकील, डॉक्टरचा दाखला आणि तारखा पेलण्याची ताकद हवी. हातावर पोट असलेला मजूर टक्क्यांच्या तक्त्यावरच समाधान मानतो.

आता पर्यायी कामे तपासू. गिरणीतच काटा सांभाळणे, आवक-जावक लिहिणे, रात्रीची राखण ही हलकी कामे असतात. पण पहिल्या दोहोंना लिखापढी लागते आणि तिसऱ्याच्या जागा एका गिरणीत एक-दोनच. पाय जायबंदी झालेल्याला बिडी वळता येईल, बसून करण्याचे ते काम आहे; परंतु मजुरी हजारी हिशेबाने मिळत असल्याने नवख्याच्या हाती दिवसाकाठी फारसे काही पडत नाही, आणि बोटे गेलेल्याला तो मार्गच बंद. तेंदूपत्ता उन्हाळ्यातील मोजक्या दिवसांचा. पहाटे जंगल तुडवायचे, घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. पाय आणि बोटे दोन्ही शाबूत हवीत. रोजगार हमीच्या कामांवर पाणी पाजणे, मजुरांची मुले सांभाळणे ही कामे अपंगांना देता येतात, पण ती एका कामावर एखाद-दुसऱ्यालाच मिळतात.

राहिला स्वतःचा धंदा. किराणा किंवा पिठाची चक्की यांसाठी दिव्यांग वित्त महामंडळाचे कर्ज आहे. अट चाळीस टक्के अपंगत्वाच्या दाखल्याची. हीच अट संजय गांधी निराधार योजनेतील मासिक मदतीलाही, जी दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये अडीच हजार रुपये झाली. एकच अंगठा गेलेला मजूर या रेषेच्या आत बहुधा येत नाही. बांधकाम कामगार मंडळाची दोन लाखांची मदत तर ७५ टक्के कायमच्या अपंगत्वावर. मळणी यंत्रात हात गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजना आहे, परंतु ती सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरती. त्याच यंत्रावर रोजाने आलेला भूमिहीन मजूर तिच्या बाहेर. एकंदरीत, काम करता येऊ नये इतका जायबंदी, पण मदत मिळावी इतका अपंग नाही, असा एक वर्ग तयार झाला आहे.

सरकारी नोकरीत चित्र वेगळे. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही वा त्याची पायरी उतरवता येत नाही; जुळणारे पद नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. १९९५ च्या कायद्यातील ही तरतूद २०१६ च्या कायद्यात कायम राहिली. खासगी मालकाला ती लागू नाही. त्याच्यावर असलेले बंधन निराळे : वीस किंवा अधिक माणसे असतील तर समान संधी धोरण करायचे आणि अपंगांना झेपतील अशा पदांची यादी त्यात द्यायची. गोंदियाच्या लहान गिरण्यांत वीस माणसे हजेरीपटावर असतात का, हे पाहिले की या तरतुदीचा आवाका कळतो. कंत्राटी कामगाराचे दुखणे आणखी खोल आहे. भरपाईसाठी मुख्य मालकाला जबाबदार धरता येते. पण बरा होऊन परतेपर्यंत कंत्राटदारच बदलला, तर कामावर घ्या म्हणून सांगायचे कोणाला?

राज्य कामगार विमा योजनेत असलेला त्यातल्या त्यात सुदैवी. त्याला तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते, व्यवसाय प्रशिक्षणाची सोयही आहे. इतरांना निम्म्या वेतनावर भागवावे लागते. अपंगांची क्षमता तपासून त्यांना कामाशी जोडणारी केंद्र सरकारची पुनर्वसन केंद्रे मुंबई आणि जबलपूर येथे आहेत. मुंबई येथून सुमारे हजार किलोमीटर; जबलपूरला थेट रेल्वे आहे, पण ते दुसऱ्या राज्यात. मुलाखतीसाठी एक पाय गमावलेल्या मजुराने तिकडे जावे ही अपेक्षा जरा भाबडीच म्हणायची.

जर्मनीत २००४ पासून, वर्षात सहा आठवड्यांहून अधिक काळ आजारी असलेल्या कामगाराला परत कसे घेता येईल यावर त्याच्याशी बोलणे मालकावर बंधनकारक आहे. येथे तेवढे अवघड नाही. भरपाईची रक्कम जमा होताना कामगार, मालक, जखम आणि रक्कम यांची नोंद होतेच. त्यात ‘सध्या कोणते काम करतो’ असा आणखी एक रकाना घालून सहा महिन्यांनी तो भरला, तर जिल्ह्यात किती जण गिरणीत परतले, किती घरी बसले आणि काट्यावर वा राखणीवर किती जागा निघू शकतात, हे प्रथमच आकड्यांत दिसेल. २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दाखला देतानाच उरलेल्या हाताने काय जमेल, याचे दोन ओळींचे मत तेथील डॉक्टरांकडून घेणे अशक्य नाही. दिवाळीनंतर नवा धान गिरण्यांत येऊ लागला की हमालांची गरज वाढते, आणि हंगामाच्या गर्दीत अपघातही होतात. हा रकाना त्याआधी सुरू व्हायला हवा.