पोळा ते दिवाळी, दोन अमावास्या

गेल्या आठवड्यात पोळ्याच्या संध्याकाळी मालेगाव तालुक्यातल्या एका गावी होतो. तोरण तुटलं, बैल आपापल्या घराकडे वळले आणि पोरांनी वेशीजवळ पाठोपाठ चार-पाच सुतळी बॉम्ब उडवले. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांचा काळू कुत्रा बैलांच्या मागे मागे ऐटीत चालला होता. पहिल्याच बारासरशी तो पळाला, तो थेट अंगणातल्या बंडीखाली. घरातला नातू हातात गोंडा घेऊन आला. बैलांसारखा काळूही सजवायचा, असं त्यानं सकाळपासून ठरवलं होतं. तो पट्टा धरून ओढू लागला, तसे काळूनं चारही पाय मातीत रोवले. ओट्यावरून आजी म्हणाली, "ओढू नको बापू त्याले. भेव सरलं का आपल्या पायानं येईन."

मग तिनं पुरणपोळीचा तुकडा बंडीच्या चाकाशी ठेवला आणि त्याच्याकडे न बघता आत गेली. मी वाकून पाहिलं. तूप लावलेली पोळी वीतभर अंतरावर होती आणि काळूचं तिकडे लक्षही नव्हतं. शेपूट पोटाखाली, कान मागे पडलेले, धाप लागलेली. जीभ सारखी नाकावर फिरत होती. मध्येच त्यानं मोठी जांभई दिली. ही जांभई झोपेची नसते, ताणाची असते. पुरणपोळी नाकारणारं कुत्रं नखरे करत नाही. ते घाबरलेलं आहे.

आपला कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो, कुत्र्याचा ४५,००० च्या आसपास पोचतो. आपल्याला ऐकूच न येणारा बारीक आवाजही त्याच्या कानात शिरतो. शिवाय फटाका म्हणजे काय, दिवाळी म्हणजे काय आणि हे कधी थांबणार, हे त्याला कोण सांगणार? आपण वात पेटताना बघतो आणि कानावर हात ठेवतो. त्याला तेवढीही सूचना मिळत नाही.

'भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर ते आणखी भित्रं होतं' हे मी लहानपणापासून ऐकत आलो. खरं नाही ते. भीती ही काही भाकरीसाठी केलेली युक्ती नाही की लाड केले म्हणून ती वाढावी. ते अंगाला चिकटून बसलं तर बसू द्या, छातीवरून सावकाश हात फिरवा. कोपऱ्यात जाऊन बसलं तर तिथून काढू नका.

नैसर्गिक उपाय म्हटलं की लोक थेंब, अर्क, जडीबुटी विचारतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या संशोधक स्टेफनी रीमर यांनी फटाक्यांच्या भीतीबद्दल १,२२५ कुत्रापालकांना विचारून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. वनस्पतींचे अर्क, सुगंधी तेलं, फुलांचे थेंब, होमिओपॅथी यांनी फरक पडला असं सांगणारे तिघांत जेमतेम एक निघाले. एवढा गुण तर नुसत्या विश्वासानंही वाटतो. पण आवाज झाला की लगेच आवडीचा खाऊ द्यायचा किंवा खेळायला घ्यायचं, हे करणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिकांनी गुण आल्याचं सांगितलं. बाटलीतल्या औषधापेक्षा भाकरीचा तुकडा सरस ठरला. क्रम मात्र सांभाळायचा: आधी आवाज, मग घास.

आता तारखा बघा. पोळा श्रावणी अमावास्येला, लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला. मध्ये बरोबर दोन महिने, आणि शिकवायला तेवढे पुरतात. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावायचा, इतका की कुत्र्यानं फक्त कान हलवावा. लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. दोन-चार मिनिटं झाली की बंद. ते निवांत खात असेल तरच काही दिवसांनी आवाज किंचित वाढवायचा. खाणं सोडलं तर आपण घाई केली, एक पायरी खाली यायचं. मोबाइलवर तयार झालेलं कुत्रं खऱ्या बारालाही अजिबात बिचकणार नाही असं नाही. पण सावरतं लवकर.

जागेचं काय? पूर्वी आपल्याकडे मातीच्या हातभर जाड भिंती होत्या, वर धाबं होतं, आत कोठीमागे अंधारा कोपरा होता. बाहेरचा आवाज तिथं मरून जायचा. आता टिनपत्रं आली. पाऊस पडला तरी ताशा वाजल्यासारखं होतं, मग विजेचा कडकडाट कसा होत असेल! म्हणून आतल्या खोलीत, बाजेखाली, जाड गोधडी लोंबती सोडून जागा करून द्या. आतापासूनच तिथं खाऊ घाला, म्हणजे जागा त्याची होईल. खिडकीला पोत्यांची घडी लावा. आणि कूलर माळ्यावर टाकू नका. पाणी न भरता नुसता पंखा चालू ठेवला की त्याच्या घरघरीत बाहेरचे बार बरेच बोथट होतात. लक्ष्मीपूजनाला दिवस मावळायच्या आत फिरवून आणा, लवकर जेवू घाला आणि दार लावून घ्या. अंगणातलं कुत्रं घरात घेत नाहीत, हा रिवाज मला ठाऊक आहे. त्या एका रात्रीपुरता तो मोडाच.

माझा जीव जास्त तुटतो तो जागलीवरच्या कुत्र्यासाठी. सोयाबीन, तूर, हरभरा, सगळ्यांवर रोही आणि रानडुकरं टपलेली. रात्री शेतकरी सुतळी बॉम्ब लावतो. त्याला मी दोष देणार नाही, एका रात्रीत वर्षाचं पीक जातं. पण राखणीचं कुत्रं तिथंच खुंट्याला साखळीनं बांधलेलं असतं. त्याला पळताही येत नाही, लपताही येत नाही. हिसके देऊन गळा सोलून घेतं. बॉम्ब लावायच्या आधी त्याला आपल्या पायाशी घ्या. विहिरीला सुरुंग लागणार असेल त्या दिवशी शेतात नेऊच नका.

कधी न भिणारं म्हातारं कुत्रं अचानक आवाजाला दचकू लागलं, तर सांधा दुखतोय का ते जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखणं आणि आवाजाची भीती एकमेकांत गुंततात. भीतीनं दारं कुरतडणाऱ्या, रक्तबंबाळ होणाऱ्या कुत्र्याला डॉक्टरांचं औषधच लागतं, ते खुशाल द्या. माणसाची गोळी मात्र कधीच नको, पॅरासिटामॉलसुद्धा कुत्र्याला बाधतं.

सर्वोच्च न्यायालयानं २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली होती. ग्रामपंचायतीनं एवढी वेळ जरी दवंडीत सांगितली आणि पाळून घेतली, तरी प्रत्येक घराला आपलं जनावर कधी आत घ्यायचं ते कळेल.

काल त्या नातवाचा फोन आला. पोळीचा तुकडा त्या रात्री उशिरा कधीतरी संपला होता. आता रोज सांजच्याला तो मोबाइल घेऊन काळूशेजारी बसतो. पाचवा दिवस झाला. आवाज अजून पहिल्याच रेघेवर आहे. काल काळूनं कान टवकारला, मोबाइलकडे पाहिलं आणि मग त्याच्या मुठीकडे.