संहिता कुठे आहे?

मागील वर्षी आमच्या विभागात लघुप्रबंधांच्या विषयांना मान्यता देण्यासाठी बैठक भरली होती. एका विद्यार्थिनीने ‘ग्रिस’ या व्हिडिओ गेमवर लिहिण्याची परवानगी मागितली. उपस्थितांनी आळीपाळीने जे विचारले त्याचा मथितार्थ एकच होता : याची संहिता कुठे आहे? गेममध्ये एकही संवाद नाही, निवेदन नाही, परिशिष्टात जोडता येईल असे एक पानही नाही, हे तिने प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर असे सुचविण्यात आले की, तिने गेमची कथा स्वतः लिहून काढावी आणि त्या कथेचा अभ्यास करावा. विद्यार्थिनीने विषय मागे घेतला. त्या बैठकीच्या इतिवृत्तावर आमच्याही सह्या आहेत. तेव्हा पुढील मजकूर आम्ही परक्यांना उद्देशून लिहीत आहोत, असे कोणी समजू नये.

सूचना सद्भावनेने केलेली होती, हेही नमूद करतो. व्हिडिओ गेमचे नाव काढताच नाक मुरडणारी पिढी आता बहुतांशी निवृत्त झाली आहे. आज आपण गेमला आत घेतो, मात्र त्याने कथेचा अंगरखा चढवून यावे अशी अट घालतो. आमचा आक्षेप या अटीला आहे.

‘ग्रिस’ हा बार्सेलोना येथील नोमादा स्टुडिओचा गेम १३ डिसेंबर २०१८ रोजी प्रसिद्ध झाला. कॉनराद रोसेत या चित्रकाराने दोन अनुभवी गेमकर्त्यांना सोबत घेऊन तो उभा केला. संगीत त्याच शहरातील ‘बर्लिनिस्ट’ या गटाचे. चित्रे हाताने काढलेली, शाईची रेघ आणि जलरंगाचा ओघळ जपणारी. प्रकार म्हणाल तर जुनाच : एक आकृती चालते, उड्या मारते, कड्याकपारींवरून पुढे सरकते, वाटेत कोडी सोडवते. ‘ग्रिस’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ करडा. तीन-चार तासांत गेम संपतो.

आता बैठकीच्या इच्छेप्रमाणे कथा सांगून पाहू. एका प्रचंड स्त्रीमूर्तीच्या तळहातावर एक मुलगी गात असते. तिचा आवाज जातो, मूर्ती भंगते, मुलगी रंगहीन जगात कोसळते. ती चालू लागते. तांबडा, हिरवा, निळा, पिवळा असे रंग क्रमाने परत येतात आणि अखेरीस ती पुन्हा गाते. झाले. शाळकरी हस्तलिखितातही ही कथा कोणी फारशी वाखाणणार नाही. या पाच वाक्यांवर आपण वीस-बावीस पाने सहज लिहू शकतो, हा मात्र आपल्या व्यवसायाचा भयावह भाग आहे.

कथेत जे येत नाही ते असे. मुलगी खाली कोसळल्यानंतर खेळणाऱ्याच्या हाती कन्ट्रोलर येतो. असल्या गेममध्ये पहिल्या क्षणी कोणीही उडीचे बटण दाबतो. बोटांना तशी सवयच असते. येथे बटण दाबले की मुलगी उडी मारत नाही, गुडघ्यांवर बसते. पुन्हा दाबावे, पुन्हा बसते. चालण्यापलीकडे तिला काही जमत नाही. ‘ती शोकाने खचली होती’ हे वाक्य येथे कोणी उच्चारत नाही. आपण तिला काही करावयास सांगतो आणि ती ते करू शकत नाही. शोकग्रस्त माणसाच्या घरी गेलेल्या प्रत्येकाने ‘चल, ऊठ, दोन घास खा’ असे म्हणून हाच अनुभव घेतलेला असतो. फरक इतकाच की, येथे तो न उठणारा देह काही अंशी आपलाच आहे.

पुढे तांबड्या वाळवंटात वारा सुटतो आणि तिला मागे लोटतो. जोर लावून चालण्याचा उपयोग होत नाही. एव्हाना तिला एक शक्ती मिळालेली असते : अंगावरचा झगा दगडासारखा जड, चौकोनी करण्याची. वारा आला की जड होऊन जागीच थांबावे, ओसरला की चार पावले टाकावीत, पुन्हा थांबावे. दुःखात थांबणे हीही एक कृती असते, हे आपण उपदेश म्हणून शंभरदा ऐकले आहे. येथे ते बोटांना कळते. थांबलो नाही तर पुढे जाताच येत नाही. हिरव्या प्रदेशात तोच झगा तिला हवेत तोलून धरतो, निळ्यात पोहण्यास साथ देतो. जडपणा टाकून दिला जात नाही; त्याच वस्त्राला आणखी रूपे मिळत जातात. गाण्याचे बटण सर्वांत शेवटी मिळते. गाणे ही बक्षीस म्हणून दाखवलेली चित्रफीत राहत नाही. ती खेळणाऱ्याची कृती होते, आणि त्या स्वराने फुले उमलतात.

भरताने करुणाचे अनुभाव सांगताना अश्रुपात, निःश्वास, गात्रांचे गळून जाणे, वैवर्ण्य यांचा उल्लेख केला आहे. सात्त्विक भावांच्या यादीत स्तंभ आहे, स्वरभेद आहे, वैवर्ण्य आहे, प्रलय आहे. ‘ग्रिस’च्या पहिल्या दहा मिनिटांवर ही यादी ठेवून पाहावी : आवाज फुटतो, रंग उडतो, देह थिजतो, कोसळतो. बार्सेलोनाच्या मंडळींनी नाट्यशास्त्र वाचले असेल असे आम्ही सुचवीत नाही. पण येथेच थांबून ‘पाहा, आपल्याकडे हे आधीच होते’ असे म्हणण्याचा जो मोह होतो (आम्हांलाही झाला), तो आवरला पाहिजे. रंगमंचावर हे भाव नटाच्या देहावर उमटतात आणि सहृदय प्रेक्षक समोर बसलेला असतो. त्या अंतरातूनच साधारणीकरण घडते, असे आपण शिकवतो. येथे अनुभाव मुलीच्या देहावर उमटतो, पण तो घडवून आणणारे बोट प्रेक्षकाचे असते. म्हणजे नट कोण आणि प्रेक्षक कोण? ‘ग्रिस’मधून साहित्यशास्त्रापुढे येणारा खरा प्रश्न हा आहे, आणि तो कथा लिहून काढताक्षणी नाहीसा होतो.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये आपल्याला माध्यमाचा प्रश्न विचारायला लावले. साहित्याचे माध्यम शब्द की शब्दांचा भावनात्मक अर्थ, यावर आपण वर्गात तासन्‌तास बोलतो. तोच प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला असता तर? आमचे उत्तर असे आहे : गेमचे माध्यम म्हणजे कृतीची शक्यता आणि तिला घातलेला प्रतिबंध. काय करता येते, काय येत नाही, केव्हापासून येऊ लागते, या नियमांची जी घट्ट वीण असते तीच त्याची संहिता. ती कागदावर नसते, पण ती नेमकी असते, पुनःपुन्हा तपासता येते, आणि तिचे वर्णन करता येते. याहून अधिक आपण कवितेच्या संहितेकडून तरी काय मागतो?

गेमच्या चाहत्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ‘ही तर चालतीबोलती कविता’, ‘प्रत्येक चौकट भिंतीवर लावावी अशी’, ‘शेवटी डोळ्यांत पाणी आले’. ही स्तुती नव्हे, हा गेम न पाहिल्याचा दाखला आहे. चित्रे सुंदर आहेत म्हणून गेम श्रेष्ठ, हे म्हणणे सुबक मुखपृष्ठासाठी कादंबरीला पारितोषिक देण्यासारखे आहे. रडू तर दूरचित्रवाणीवरील मालिकांनाही येते.

ही चूक थोरांनीही केली आहे. जोनाथन ब्लो यांचा ‘ब्रेड’ हा गेम २००८ साली आला; त्याची चित्रे डेव्हिड हेलमन यांची. गेल्या क्षणाकडे काळ मागे फिरवणे ही त्यातील मुख्य कृती. अमेरिकन चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी एप्रिल २०१० मध्ये गेम ही कला होऊच शकत नाही असे प्रतिपादन करताना ‘ब्रेड’ हे एक उदाहरण घेतले. बुद्धिबळात चाल मागे घेतली तर खेळाची शिस्तच मोडते, असा त्यांचा आक्षेप होता. गेममधील गद्याचीही त्यांनी थट्टा केली. गद्य सामान्य आहे हे आम्हांलाही मान्य. परंतु ‘ब्रेड’चा अर्थ त्या गद्यात नाही. अखेरच्या टप्प्यात नायक राजकन्येला सोडवण्यासाठी धावतो आणि ती वरून त्याच्या वाटेतील अडथळे दूर करीत जाते, असे दिसते. मग काळ उलटा फिरतो, आणि उमगते की ती त्याच्यापासून पळत होती, अडथळे त्याला रोखण्यासाठी होते. चूक पुसता येते या भरवशावर आपण सारा गेम खेळलो, आणि पुसण्याच्या त्याच कृतीने चूक उघडी पाडली. ईबर्ट यांनी हा गेम खेळलेला नव्हता. जुलै २०१० मध्ये त्यांनी, न खेळता बोलायला नको होते, अशी कबुली दिली. तेवढा उमदेपणा आमच्या इतिवृत्तात नाही.

‘ग्रिस’ निर्दोष आहे असेही नाही, आणि त्याचे दोष बैठकीतील सूचनेशी फार जवळचे आहेत. गेममध्ये पाच लपलेल्या जागा आहेत. त्या शोधणाऱ्याला मिळणाऱ्या नोंदींना नकार, क्रोध, तडजोड, विषाद, स्वीकार अशी नावे दिली आहेत. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात या अवस्था मांडल्या त्या मृत्यूच्या दारातील रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या शोकाला त्या नंतर चिकटवल्या गेल्या. वाळवंटातील वाऱ्याने जे सांगितले त्यावर अशी चिठ्ठी डकवण्याची गरज नव्हती. दुसरे म्हणजे, विखुरलेल्या सर्व खुणा गोळा करणाऱ्यास एक गुप्त प्रसंग दाखवला जातो, त्यात मुलगी लहान असून आईसोबत आहे. म्हणजे शोक कोणाचा, हे अखेर सांगून टाकलेच. कर्त्यांचाही आपल्या संहितेवर पुरता विश्वास नव्हता, असे म्हणावे लागते. मुलीला या गेममध्ये मरण नाही, हरणे नाही, म्हणून काहींनी त्याला नावे ठेवली. तो आक्षेप आम्हांला पोकळ वाटतो. काळा सर्पमत्स्य पाठलाग करतो, पण पराभव होऊन पुन्हा प्रारंभापासून खेळावे लागत नाही. शोकातही ती सोय नसतेच.

ज्या विद्यार्थिनीमुळे हे लिहावे लागले, तिने यंदा एका कादंबरीवर लघुप्रबंध सादर केला. त्यात कथानकाचा सारांश बावीस पानांचा आहे. आम्ही तिला चांगले गुण दिले.