शहाळ्याच्या शेवया

शेवया म्हटलें कीं गव्हाचें पीठ आलेंच, अशी आपली समजूत. परंतु फिलिपाइन्स बेटांत पिठावांचूनच शेवया करणारा एक प्रांत आहे. त्याचें नांव केझोन. पूर्वीं त्यास तायाबास म्हणत. १९४६ सालीं राष्ट्राध्यक्ष मान्युएल केझोन यांच्या स्मरणार्थ तें बदललें. तेथें नारळीच्या बागा विपुल आहेत.

तिकडे शेवयांच्या पदार्थांस 'पानसित' म्हणतात. हा शब्द चिनी लोकांच्या होक्किएन बोलींतून आला. शहाळ्यास 'बुको' म्हणतात. म्हणून हा 'पानसित बुको'. कोंवळ्या खोबऱ्याच्या लांब, बारीक पट्ट्या कापावयाच्या आणि लसूण-कांदा परतून त्यांत गाजर, कोबी, घेवडा यांसह शिजवावयाच्या. तेथील लोक त्यांत कोळंबी अगर मांस घालतात. शाकाहारी घरांत भाज्यांवर भागेल. वरून लहानसें आंबट लिंबू पिळलें म्हणजे झालें.

खरी परीक्षा शहाळें निवडण्यांत आहे. फार कोंवळें असल्यास मलई लिबलिबीत होऊन पट्टी निघत नाहीं. जून झाल्यास ती दांतांखालीं करकरते. मलई घट्ट, पण मऊ असावी.

अन्न वायां दवडूं नये, हा पाठ आम्हीं वर्गांत जन्मभर शिकविला. आणि आम्हींच शहाळ्याचें पाणी पिऊन आंतील मलईसह कवटी कितीदां तरी फेंकून दिली! जें आपण उष्टें म्हणून टाकलें, तें दुसऱ्या कोणाच्या ताटांतील मुख्य अन्न आहे, हें आम्हांस उतारवयांत कळलें. वाचकांच्या घरीं तें लवकर कळावें.