निर्मळ कोडी, मळके तक्ते

तंत्रज्ञान कंपनीत डेटा सायंटिस्ट, म्हणजे माहितीच्या मोठ्या साठ्यांतून संख्याशास्त्राच्या आधारे निर्णयोपयोगी निष्कर्ष काढणारा माणूस, निवडायचा तर त्याला फळ्यासमोर उभे करावे, संभाव्यतेची दोन-तीन कोडी घालावीत आणि अडखळेल त्याला वाटेला लावावे, असे मत मुलाखत घेणाऱ्यांच्या एका वर्गात मोठ्या दिमाखात मांडले जाते. या पक्षाचा दावा असा की कोडे सुटले की बुद्धी सिद्ध होते, आणि बुद्धी असली की बाकीचे काम सहा महिन्यांत अंगवळणी पडते. पाढे पाठ असलेल्या मुलाला वाण्याचा हिशेबही येणारच, हा शाळेतला जुना वाद इथे नवा सदरा घालून आलेला दिसतो. तो तेव्हाही सुटला नव्हता.

या मताचा मूळ दोष असा की कोड्यातली माहिती निर्मळ असते. नाणे निःपक्षपाती, फासा सहा बाजूंचा, पिशवीतले चेंडू मोजलेले. कंपनीतले तक्ते मात्र असे सोवळ्यात ठेवलेले नसतात. समजा, १००० ग्राहकांचा एक तक्ता आणि ऑर्डरींचा दुसरा असे दोन तक्ते एसक्यूएल या विचारणाभाषेत ‘लेफ्ट जॉइन’ने, म्हणजे डावीकडची प्रत्येक ओळ जुळणी मिळो वा न मिळो राखणाऱ्या जोडणीने, एकत्र केले आणि जून महिन्याची अट शेवटच्या ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे जोडणीनंतर ओळी गाळणाऱ्या कलमात, घातली. जूनमध्ये ४०० ग्राहकांनीच मिळून ८०० ऑर्डरी दिल्या असतील, तर उरलेल्या ६०० जणांच्या ओळींत जूनची तारीखच नसल्यामुळे, जोडणीने राखलेल्या त्या ओळी ही अट निमूटपणे गाळून टाकते, आणि दरडोई सरासरी ०.८ ऐवजी २ निघते. तीच अट जोडणीच्या ‘ऑन’मध्ये, म्हणजे ओळी कशा जुळवायच्या ते ठरवणाऱ्या कलमात, घातली असती तर सहाशेही ग्राहक जागेवर राहिले असते. संगणक चूक झाल्याची सूचना देत नाही, बेरीज-भागाकार बिनचूक असतो, आलेख देखणा येतो आणि बैठकीत टाळ्याही पडतात. फाशांची बेरीज सात येण्याची शक्यता एका दमात सांगणारा उमेदवार ही गळती ओळखेलच, याची हमी कोड्यात कुठेही नाही, कारण ते ६०० जण कुठे गेले, हा प्रश्न कोडे विचारतच नाही.

कोडी पाठ करता येतात, आणि ती पाठ करून घेणारे वर्गही निघाले आहेत. शिवाय मुलाखतीतल्या कोड्यांसाठी जगभर गाजलेल्या एका कंपनीच्याच मनुष्यबळ विभागाच्या तत्कालीन प्रमुखाने २०१३ मध्ये एका वृत्तपत्राला मुलाखत देताना ती वेळेचा निव्वळ अपव्यय असल्याचे कबूल केले. अनुयायांपर्यंत ती बातमी पोहोचायची असावी.

त्याऐवजी उमेदवारासमोर मुद्दाम एक-दोन दोष ठेवलेला तक्ता तासभर ठेवावा, त्याला प्रश्न विचारू द्यावेत, आणि सर्वांना तेच काम देऊन गुणांचे निकष आधी ठरवावेत. समान प्रश्न व पूर्वनिश्चित निकष असलेल्या अशा मुलाखतीला ‘रचनाबद्ध मुलाखत’ म्हणतात; निवडपद्धतींवरील जुन्या अभ्यासांचा २०२२ मध्ये फेरहिशेब झाला तेव्हा कामगिरीचा अंदाज बांधण्यात तीच अग्रस्थानी आली, अर्थात तो अंदाजही मध्यमच होता. असा तक्ता रचायला परीक्षकाला एक संध्याकाळ खर्ची घालावी लागते आणि त्यातले दोष आधी स्वतःला ओळखता यावे लागतात. कोडे मात्र उत्तरासकट आयते मिळते.