स्वभावाला औषध असतं राव!

'स्वभावाला औषध नाही' हे वाक्य तुमच्या ऑफिसात दिवसातून किती वेळा ऐकू येतं? बॉस भडकला, की त्याचा स्वभाव. टीममधला एकजण सगळं क्रेडिट लाटतो, तोही त्याचा स्वभाव. आणि आपण खूश नाही? तो बहुतेक आपला स्वभाव! एकदा स्वभाव म्हटलं की विषय कट. कुणाला काही करायला नको.

आमच्या केडगावातही हेच. केडगाव म्हणजे नगरचं, रेणुकामातेचं, दौंडजवळचं नव्हे. पुण्याहून येताना नगरच्या आधी लागतं ते. जिथे ज्वारी डोलायची तिथे आता सोसायट्या आहेत. पोरं पुण्यात पॅकेज कमावतात आणि शनिवारी घरी येतात. बाइकची कार झाली. गप्पा मात्र त्याच : शेजाऱ्याची गाडी आपल्यापेक्षा मोठी कशी?

संशोधकांनाही असंच काहीसं दिसलं होतं. फिलिप ब्रिकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या २२ लॉटरी विजेत्यांचा अभ्यास छापला. बाकीच्यांपेक्षा ते काही फार सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, मासिक वाचणं यातली त्यांची मजा कमी झालेली. (मासिक वाचणं! नोंद घ्या.) अभ्यास छोटाच होता, पण इन्क्रिमेंटचा आनंद किती दिवस टिकतो ते आपल्याला ठाऊक आहेच.

मग माणूस बदलतच नाही? इथे मी नगर तालुक्यातल्याच हिवरे बाजारचं नाव घेते. दुष्काळ, दारू, भांडणं. लोक गाव सोडून चाललेले. १९८९ मध्ये पुण्यात एम.कॉम. केलेले पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदानातून डोंगरावर चर खणले गेले, झाडं लागली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, दारूबंदी आली. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर पिकं ठरवायची. गेलेली कुटुंबं परत आली. २०२० मध्ये पवारांना 'पद्मश्री' जाहीर झाली.

म्हणजे तिथली माणसं संत झाली का? मुळीच नाही. उसाचा पैसा त्यांनाही कळतो. फरक एवढाच, की पाणी किती ते सगळ्यांसमोर असतं आणि शेजारीही ऊस लावणार नाही याची खात्री असते. आपण एकटेच वेडे ठरणार नाही हे कळलं, की माणूस बरंच काही सोडायला तयार होतो. हाव तीच राहते, नियम बदलतात. माझा फंडा हाच. पगारवाढीचं सुख लवकर शिळं होतं. आपल्यासोबत चार माणसं आहेत याचं सुख इतक्या लवकर शिळं होत नसावं.

आता आपलं बघा. रात्री साडेदहाला आलेल्या मेलला आपण उत्तर का देतो? कामाची आवड म्हणून? छे! दुसऱ्याने आधी दिलं तर, या भीतीने. जेवण गार होतं, समोरचं माणूस गप्प होतं, आणि आपण टाइप करत बसतो. एकट्याने बंद केलं तर तुम्ही आळशी ठरता. अख्ख्या टीमने केलं तर तो नियम होतो.

तेव्हा या सोमवारी टीममधल्या सगळ्यांना विचाराच. एक महिना, रात्री नऊनंतर कुणीच उत्तर द्यायचं नाही. बॉसला आधी सांगा, बरं का. तोही कदाचित कुणीतरी थांबायची वाट बघत असेल.